परदेशातून मागवलेल्या संग्राह्य वस्तू: ड्यूटी आणि कुरिअरचं बिल ऑर्डरआधीच कसं काढायचं

जपानहून १:१८ चं डायकास्ट मॉडेल (मूळ गाडीच्या अठराव्या हिश्श्याची, धातूची प्रतिकृती) मागवलं. किंमत १२,००० रुपये, शिपिंग ४,५०० रुपये. पार्सल मुंबईत उतरतं आणि कुरिअर कंपनीचा मेसेज येतो: आणखी पाच-साडेपाच हजार भरा, मग पार्सल सुटेल. नवख्या संग्राहकाला ही लूट वाटते. खरं तर या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी असतात: सरकारला जाणारी ड्यूटी आणि कुरिअर कंपनीचं स्वतःचं शुल्क. ड्यूटी आधी मोजता येते, तिच्यात चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. कुरिअरचं शुल्क दरपत्रकात छापलेलं असतं, फक्त ते कुणी आधी वाचत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. विकत घेतलेल्या वस्तूंना 'अमुक डॉलरपर्यंत माफ' अशी सवलत भारतात नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे ड्यूटीची रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी निघत असेल तर ती वसूल केली जात नाही, एवढंच. म्हणजे एखाददुसरं स्वस्त पाकीट कधी बिनबोभाट घरी येतं, पण त्या भरवशावर मोठी ऑर्डर देऊ नये.

विक्रेत्याला 'पार्सलवर गिफ्ट लिहा' असं सांगणं तर सरळ अंगाशी येतं. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून वस्तू सोडवून घेण्यावर बंदी आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी यांचा. पूर्ण ड्यूटी भरून भेट आणता येते, म्हणजे 'गिफ्ट' लिहून एक रुपयाही वाचत नाही, उलट तपासणी ओढवते.

ड्यूटीचा हिशेब

ड्यूटी वस्तूच्या नुसत्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, विमानभाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिला 'असेसेबल व्हॅल्यू' म्हणतात, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर चालतं. इथे मूल्यांकन नियमावली २००७ मधली एक तरतूद संग्राहकांच्या फार उपयोगाची आहे. माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायचं भाडं वस्तूच्या किमतीच्या (एफओबी मूल्याच्या) २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आपण प्रत्यक्षात कितीही शिपिंग भरलेलं असो. विम्याची रक्कम माहीत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात.

वरच्या मॉडेलचा हिशेब मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के धरून असा होतो:

किंमत १२,०००. भाडं ४,५०० नव्हे, तर जास्तीत जास्त २,४००. विमा १३५. असेसेबल व्हॅल्यू १४,५३५.
मूळ सीमाशुल्क १० टक्के: १,४५३.५०.
त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार: १४५.३५.
आता या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १६,१३३.८५ वर, १८ टक्के आयजीएसटी: २,९०४.०९.
एकूण ड्यूटी सुमारे ४,५०३ रुपये, म्हणजे असेसेबल व्हॅल्यूच्या ३०.९८ टक्के.

भाडं पूर्ण ४,५०० धरलं असतं तर हीच ड्यूटी ५,१५४ च्या आसपास गेली असती. एका मॉडेलवर साडेसहाशे रुपयांचा फरक. मोठ्या, हलक्या खोक्यात येणाऱ्या वस्तूंना हा नियम सगळ्यात जास्त वाचवतो, कारण त्यांचं भाडं किमतीच्या मानाने अफाट असतं. येन किंवा डॉलरचा भाव मात्र तुमच्या कार्डाचा नव्हे, तर कस्टम्सने जाहीर केलेला धरतात, त्यामुळे थोडा फरक राहणारच.

दर कोणता लागणार?

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. वस्तूला ज्या शीर्षकाखाली, म्हणजे कस्टम्सच्या दरसूचीतल्या ज्या चार आकडी वर्गात, टाकतात त्यावर दर ठरतो. ९८०४ हे शीर्षक वैयक्तिक वापराच्या करपात्र वस्तूंसाठी आहे. त्यावर एके काळी ३५ टक्के मूळ शुल्क, अधिभार आणि २८ टक्के आयजीएसटी मिळून ७७.२८ टक्के लागत. इंटरनेटवर अजूनही हाच आकडा फिरतो. तो जुना आहे; २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाचा मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्यात आला.

दुसरा मार्ग म्हणजे वस्तूचं स्वतःचं शीर्षक. छापील पुस्तकं ४९०१ मध्ये येतात: मूळ शुल्क ५ टक्के, जीएसटी शून्य, म्हणजे अधिभारासह अवघे ५.५ टक्के. पुस्तकरूपातली कॉमिक्स जमवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. टपाल तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर ९७०४ मध्ये, नाणकशास्त्रीय संग्रहाच्या वस्तू ९७०५ मध्ये. यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. स्केल मॉडेल आणि फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) यांची मात्र पंचाईत आहे. ९५०३ हे खेळण्यांचं शीर्षक, आणि त्यात स्केल मॉडेलंही आहेत. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. प्लास्टिकच्या शोभेच्या मूर्तींना ३९२६ हे वेगळं शीर्षक आहे. त्यामुळे त्याच फिगरची ड्यूटी एका शीर्षकात परवडते आणि दुसऱ्यात वस्तूच्या किमतीच्या जवळ जाते.

खेळण्यांची दुसरी अडचण पैशांची नाही, परवानगीची आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणन सक्तीचं आहे, आणि त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू. विक्रेत्याने इनव्हॉइसवर नुसतं 'टॉय' लिहिलं की प्रश्न सुरू होतो. निर्मात्याने खोक्यावर १४ किंवा १५ वर्षांवरील असं छापलेलं असेल, तर इनव्हॉइसवरही तसंच वर्णन यायला हवं: प्रौढ संग्राहकांसाठी, शोभेचं स्केल मॉडेल, मटेरियल, प्रमाण, वयोमर्यादा. खोक्यावर 'वय ३+' असेल तर असं लिहून घेऊ नये. ते खोटं ठरतं, आणि खोकं उघडलं की दिसतं.

ऑर्डर देताना

विक्रेत्याला विचारा की दर डीडीपी आहे की डीएपी. डीडीपी म्हणजे ड्यूटी विक्रेत्याने किंवा साइटने आधीच घेतली. डीएपी (काही जण अजून डीडीयू म्हणतात) म्हणजे ती दारात तुम्ही द्यायची. साइटने चेकआउटला 'इम्पोर्ट चार्जेस' घेतले असतील तर ती पावती जपा, म्हणजे कुरिअरने पुन्हा मागितल्यास दाखवता येईल.

भाडं मापावर ठरतं हेही विसरू नका. एक्सप्रेस कुरिअर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, आत माल ३ किलोचा असला तरी. जपानमधल्या प्रॉक्सी गोदामात (तुमच्या वतीने तिथे खरेदी करून माल पाठवणाऱ्या कंपनीच्या) चार-पाच वस्तू एकत्र करायच्या असतील तर जादा पुठ्ठा काढायला सांगा, पण मूळ खोकं मोडू देऊ नका. मिंट, म्हणजे कोरा करकरीत, डबा गेला की मॉडेलची निम्मी किंमत गेली. एकाच मॉडेलचे सहा नग एकदम मागवू नयेत. वैयक्तिक आयातीला आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक) लागत नाही, पण सहा सारखे नग पाहून अधिकारी विक्रीचा संशय घेणारच.

किंमत खरी लिहून घ्या. बारा हजारांच्या वस्तूवर दोन हजार लिहिलेलं असलं तर अधिकारी वस्तूची वेबसाइट उघडून बघतात, त्याच मूल्यांकन नियमावलीच्या नियम १२ खाली जाहीर किंमत नाकारू शकतात आणि दंडही लावू शकतात. शिवाय पार्सल हरवलं तर विमा त्या दोन हजारांचाच मिळतो.

पार्सल आलं की

केवायसी आधी करून ठेवा. आधार किंवा पॅनवरचं नाव, इनव्हॉइसवरचं नाव आणि पत्ता जुळला नाही तर पार्सल टर्मिनलवर पडून राहतं आणि गोदामभाडं चढत जातं. इनव्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा (कार्डाच्या स्टेटमेंटची ती ओळ) आणि वस्तूची लिंक एका फोल्डरमध्ये तयार असू द्या. मागितल्याच्या दिवशीच पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पैसे भरण्याआधी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कुरिअरने कस्टम्सला दिलेल्या आयात घोषणापत्राची, प्रत मागा. कमी किमतीच्या करपात्र कुरिअर मालासाठी हा फॉर्म सीबीई-१३ असतो, त्याच्या मर्यादेवरच्या मालासाठी सीबीई-१४. त्यात चार गोष्टी तपासा: शीर्षक क्रमांक, जाहीर किंमत आणि चलन (येनच्या जागी डॉलर पडल्याची चूक होऊ शकते), भाडं २० टक्क्यांच्या आत आहे का, आणि विनिमय दर. चूक दिसली तर कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला लेखी ईमेल करा, सोबत पुरावा जोडा. फोनवरच्या ग्राहकसेवेला शीर्षक म्हणजे काय हेच बहुधा माहीत नसतं.

बिलात ड्यूटीच्या खाली कुरिअरचं स्वतःचं शुल्क येतं. कंपनीने तुमच्या वतीने ड्यूटी भरली त्याचं शुल्क, बहुतेक ठिकाणी ड्यूटीचे काही टक्के किंवा ठरावीक किमान रक्कम, यातलं जे जास्त ते. आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. छोट्या पार्सलला ही किमान रक्कमच जड जाते. म्हणून तीन-चार हजारांखालच्या हलक्या वस्तूंना, तिकिटांना आणि कॉमिक्सना नोंदणीकृत पोस्ट किंवा ईएमएस (पोस्टाची जलद आंतरराष्ट्रीय सेवा) बरं. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात तपासणी होते, वेळ जास्त लागतो, पण ड्यूटी पोस्टमन दारात घेतो आणि हाताळणीचा खर्च कुरिअरपेक्षा कमी असतो. सोन्या-चांदीची नाणी आणि चलनी नोटा मात्र पोस्ट किंवा कुरिअरने मागवण्याआधी वाहकाची मनाई यादी वाचाच; बरेच वाहक त्या घेतच नाहीत.

ड्यूटीच्या नावाखाली लिंक पाठवणारे भामटे वाढले आहेत. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका. ट्रॅकिंग क्रमांक कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर टाकून थकबाकी दिसते का बघा. कस्टम्स खात्याच्या पत्रावर डीआयएन (दस्तऐवज ओळख क्रमांक) असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

पार्सल नाकारायचा विचार असेल तर थांबून हिशेब करा. परतीचं भाडं बऱ्याचदा तुमच्याच माथी येतं, आणि 'ड्यूटी जास्त लागली' हे कारण बहुतेक बाजारपेठांच्या परतावा धोरणात बसत नाही. चुकीची ड्यूटी भरून पार्सल सोडवावंच लागलं तर पावती आणि बिल ऑफ एंट्री जपून ठेवा: आकारणीविरुद्ध आयुक्तांकडे (अपील) जायला आदेश मिळाल्यापासून ६० दिवस आहेत, आणि कलम २७ खाली परताव्याचा अर्ज ड्यूटी भरल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो.