जुन्या कानशीपासून पॅच नाइफ

१८व्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लाँग रायफली नळीच्या तोंडातून भरायच्या, आधी बंदुकीची दारू, मग तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि जास्तीचं कापड तोंडाशीच कापायला छोटा पॅच नाइफ. तो घरी करता येतो.

कानस जुनी, चांगल्या कंपनीची घ्या, स्वस्तातल्या काहींना नुसती वरची कातडीच कडक असते, त्या बाद. भट्टीत लालभडक करायची, लोहचुंबक चिकटेनासं झालं की राखेत पुरून रात्रभर सोडून द्यायची, मग ती मऊ पडते आणि आकार देता येतो. कानशीचे दात पूर्ण घासून काढा हां, पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करताना, चीर तिथूनच जाते. धारेला एक मिमी जाडी ठेवा, आत्ताच पातळ केलं तर पातं वाकडं होणार.

आता पाणी द्यायचं, म्हणजे खरं तर तेल 😄 पुन्हा चुंबक सुटेपर्यंत तापवून कोमट तेलात टोक खाली धरून सरळ बुडवा, हलवाहलवी नको. या अवस्थेत पातं काचेसारखं असतं, पडलं की तुटलंच, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० डिग्रीला तासभर, दोनदा. घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग आला की झालं.

मूठ तिकडे हरणाच्या शिंगाची करतात, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो नाद सोडा, शिसवी मस्त दिसतं. पितळेची एक खीळ पुरे. धार मात्र सगळ्यात शेवटी.