विमानप्रवासाच्या वेळेचा हिशोब करताना या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या लातूर-नांदेडकडची पोरं लंडनला शिकायला निघतात अन् तिकिटं काढून देणाऱ्या मला घरच्यांचे फोन सुरू होतात. चुका त्याच त्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रात्री बारानंतरची तारीख. तिकिटावर 15 तारीख, 02:00 लिहिलंय म्हणजे एअरपोर्टवर 14 च्या रात्रीच पोचायचं, दहा-साडेदहापर्यंत. औशाकडचं एक कुटुंब 15 च्या संध्याकाळी गाडी भरून मुंबईला पोचलं, आजी पण सोबत, पोराच्या गळ्यात हार. गेटवरच्या जवानानं तिकीट बघितलं अन् म्हणाला, हे विमान तर काल रात्रीच गेलं. मला फोन आला तेव्हा मागं त्या माउलीचं रडणं ऐकू यायलं होतं. वडिलांनी तिथूनच पाहुण्याकडून उसने पैसे घेऊन नवीन तिकीट काढलं, ऐन वेळचं म्हणून लई महाग. तेव्हापासून मी तिकीट हातात देतानाच लाल पेनानं "14 ची रात्र" असं लिहून देतो अन् समोर मोठ्यानं वाचायला लावतो, कोणाला राग आला तरी चालंल.

दुसरी चूक, पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ सरळ वजा करणं. मुंबईहून रात्री 2 ला सुटलं, लंडनला सकाळी 7 ला उतरलं, म्हणून पाचच तास? अरे बाबा, ते 7 तिथल्या घड्याळाचे. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा.

काही जण मोबाइलवर अंतर बघतात, साधारण 7200 किलोमीटर, त्याला ताशी 900 नं भागतात अन् आठ तास म्हणून मोकळे होतात. घाई नुसती! ते अंतर सरळ हवाई रेषेचं असतं, विमान तसं जात नाही. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं, विमानांना बंद असलेल्या आकाशाला घातलेला वळसा, हे सगळं त्यात धरावं लागतं. शिवाय लंडनला जाताना समोरून वारा लागतो, येताना तोच वारा पाठीमागून असतो म्हणून परतीला बहुतेक वेळा तासभर कमी लागतो. कंपनीच्या वेळापत्रकात हे सगळं धरलेलं असतं, तेच बघा ना.

डायरेक्ट लिहिलंय म्हणून विमान मधी थांबतच नाही असं समजू नका, नॉनस्टॉप आहे का ते विचारा.

अन् घर ते एअरपोर्ट कोणी मोजतच नाही. लातूरहून मुंबई रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या आत-बाहेर. उदगीर, देगलूरवाल्यांना तर हैदराबाद अजूनच जवळ, तरी सवयीनं सगळे मुंबईच धरतात. तिकीट काढायच्या आधी शमशाबादहून, म्हणजे हैदराबादच्या एअरपोर्टवरून, काय भाव आहे ते एकदा बघत जा, अन् मुंबईच धरायची असंल तर आदल्या दिवशीच तिकडं पोचा.