तुटलेल्या लोखंडाचं तोंड वाचायला शिका

धातुशास्त्राला प्रवेश घेतलेल्या पोरापोरींनी लोह-कार्बनची आकृती (किती कार्बनला, किती तापमानाला पोलादाची रचना कशी असते ते दाखवणारा आलेख) पाठ करण्याआधी एक दुपार गावातल्या लोहाराच्या भात्याजवळ काढावी. मृगाच्या तोंडावर वखराची पास, डवरा, कुऱ्हाड, सगळं तिथं पाणी पाजायला आलेलं असतं.

ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या तीन बारीक पट्ट्या घ्या. या पोलादात कार्बन बहुधा 0.5 ते 0.6 टक्के असतो. तिन्ही तापवा. सुमारे 770 अंश सेल्सिअसला चुंबक चिकटायचं थांबतं. त्यानंतर रंग नारिंगीकडे झुकेपर्यंत, म्हणजे 850 च्या आसपास, न्या. पहिली राखेत पुरा, उरलेल्या दोन तेलात बुडवा. पाण्यात नको, तडे जातात. तिसरी लगेच घासून चकचकीत करा आणि निळसर झाक येईपर्यंत, साधारण 300 अंशांवर, पुन्हा शेका. हे काम उद्यावर टाकलं तर पट्टी पडल्या पडल्याही तडकू शकते.

राखेतली पट्टी वाकते, कानस तिला सहज खाते: आत फेराइट (जवळजवळ शुद्ध, मऊ लोखंड) आणि परलाइट (फेराइट आणि लोखंड-कार्बनचं संयुग, म्हणजे कार्बाइड, यांचे एकाआड एक पातळ थर). दुसरीवरून कानस घसरते, पण हातोड्याच्या एका घावात ती काचेसारखी फुटते (डोळ्यांवर चष्मा हवाच). कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकला आणि मार्टेन्साइट ही कठीण पण ठिसूळ रचना बनली. तिसरीत त्यातला थोडा कार्बन बारीक कार्बाइडच्या रूपानं बाहेर आला, ताण सैल झाला. गोटा लागला तरी टिकेल असं पातं हेच. पोलाद तिन्हींत एकच होतं.

फुटलेलं तोंड उन्हात धरून बघा. मऊ, राखाडी, रेशमासारखं दिसलं तर कण, म्हणजे धातूतले स्फटिक, बारीक आहेत. साखरेसारखं चमचमलं तर भट्टी जास्त झाली, कण फुगले. कणांच्या सीमा धातूतली सरक, म्हणजे अणूंच्या थरांचं एकमेकांवरून घसरणं, अडवतात; कण मोठे झाले की सीमा कमी होतात, ताकद आणि चिवटपणा दोन्ही उतरतात. कणांचा आकार आणि ताकद यांचं नातं हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये सूत्रात मांडलं.

हेच कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तर तुकडा घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि प्रयोगशाळेत घाई नमुन्याचा घात करते. 220 पासून 1200 नंबरपर्यंतचे घासकागद (नंबर वाढेल तसा कागद बारीक) क्रमानं वापरा, दर कागदाला नमुना 90 अंशांनी फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग अॅल्युमिनाची पॉलिश. नायटलसाठी, म्हणजे रचना उठून दिसावी म्हणून पृष्ठभाग किंचित खाणाऱ्या द्रावणासाठी, 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली नायट्रिक आम्ल हळूहळू सोडा. नमुना त्यात 5 ते 10 सेकंदच ठेवा. जास्त झालं तर परलाइटचे पट्टे काळ्या डागात बुडतात आणि पॉलिश पुन्हा करावी लागते. धुतल्यावर अल्कोहोल टाकून गरम हवेनं लगेच वाळवा, नाहीतर पाण्याचे गंजके ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली समावेशासारखे, म्हणजे पोलादातल्या मळीसारखे, भासतात.