पद्मिनीचा तळ बदलताना

आयटीआयमधून वेल्डर होऊन गॅरेजात आलो तेव्हा जरा माजातच होतो. पहिलं मोठं काम मिळालं ते एका १९८६च्या प्रीमियर पद्मिनीचं. कोकणातल्या पडवीत बरीच वर्षं उभी असलेली, वरून झकास. मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालून फिरवलं आणि मध्येच ते सुटून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हताच, रंगाखाली नुसती पुट्टी!

गंज घासायला घेतला तर रुपयाएवढं भोक ताटाएवढं झालं. घाबरू नका, ते व्हायलाच हवं. पूर्ण जाडीचा, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. गंजक्या कडेवर वेल्डिंगचा टाका धरत नाही, कड जळून जाते.

पण कापायची घाई नको. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच घेते. दाराखालचा पोकळ बॉक्स कापला की गाडी मध्येच बसू शकते. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे टेकू दिले आणि दारांच्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. बॅटरी, गालिचे, पेट्रोलची टाकी बाहेर.

पॅचसाठी २० गेजचा पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिमी. मी जस्ताचा मुलामा असलेला आणला होता, तो मिस्त्रींनी परत पाठवला. वेल्डिंग करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने ताप भरतो.

मग माझी फजिती. आयटीआयमध्ये जाड पट्टीवर मारायचो तशी मिगने, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनने, सलग शिवण मारली. पत्रा पापडासारखा वळला. तापून फुगलेला पत्रा गार होताना आक्रसतो आणि शेजारचाही ओढून घेतो. दुसऱ्या पॅचला एक टाका इकडे, एक समोरच्या कडेला, मग हात लावता येईपर्यंत थांबायचं, असं करत मधल्या जागा भरल्या. दीड फुटाला अख्खी दुपार गेली. मिस्त्रींचे तीन चहा झाले.

गंजाचं मूळ मात्र दारात सापडलं. काचेलगत आत शिरणारं पावसाचं पाणी खाली निघून जायला दाराच्या तळाशी भोकं असतात. आधीच्या कुठल्या तरी रंगकामात ती बुजली होती. आम्ही ती तारेने मोकळी केली. पोकळ बॉक्सात गंज पुन्हा धरू नये म्हणून मेणाचा फवारा सगळ्यात शेवटी मारला, कारण वेल्डिंगच्या आचेने मेण पेटतं.

टेकू काढल्यावर फटी पुन्हा मोजल्या. मागच्या उजव्या दाराची दीड मिमी जास्त भरली. मिस्त्रींनी बिजागरीत पातळ वॉशर घातला आणि भिंतीवरचा खडू पुसला.