नोकरी, शेती सांभाळून ऑनलाइन पदवी: प्रवेशापासून परीक्षेपर्यंत

घरबसल्या पदवी म्हटलं की सवडीनं करू असं वाटतं. फॉर्म भरण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. सहा सत्रांत वाटले तर सत्राला २० क्रेडिट, म्हणजे ६०० तास झाले. सत्र २४ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २५ तास, रोजचे साडेतीन. व्हिडिओ, वाचन, गृहपाठ सगळं त्यातच आलं. वाळूजच्या कंपनीत पाळी करून, किंवा दिवसभर दुकानात बसून एवढे तास निघतात का? निघत नसतील तर प्रवेश घेऊ नका असं नाही, पण पदवी तीनऐवजी चार-पाच वर्षांत करायची हे आधीच ठरवा. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) तीन वर्षांच्या बीएला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते, ती अशाच माणसांसाठी आहे.

ऑनलाइन की दूरस्थ?

जाहिरातीत दोन्ही एकच वाटतात, पण कामकाज वेगळं आहे. दूरस्थमध्ये छापील किंवा पीडीएफ पुस्तकं मिळतात, अभ्यासकेंद्रावर काही तासिका होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन पेननं लिहायची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) या पद्धतीचं आपल्याकडचं ओळखीचं नाव, आणि तिथे मराठी माध्यम आहे. ऑनलाइनमध्ये सगळं पोर्टलवर चालतं: व्हिडिओ, वाचायच्या नोट्स, चर्चा आणि चाचण्या. नियमानुसार विद्यार्थ्यानं दर पंधरवड्याला किमान २ तास सहभाग दाखवावा लागतो, आणि तो मोजला जातो पोर्टलवरच्या नोंदीवरून. व्हिडिओ उतरवून घेऊन बांधावर बसून पाहिलात तर अभ्यास होईल, पण ती नोंद पडेलच असं नाही. दर शनिवारी लॉगिन करून तुमची प्रगतीची टक्केवारी पाहत जा.

४८० दर्जाचा तासभराचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी डेटा खातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन लेक्चर झाली की घरच्यांसाठी जेमतेम अर्धा जीबी उरतो. गावात रेंज फक्त माळवदावर येत असेल तर सरळ दूरस्थ घ्या. पदवीची किंमत कमी होत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमित पदवीच्या बरोबरीची मानते.

मान्यता पाहायची ती तीन गोष्टींची

यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोच्या (डीईबी) साईटवर विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम आणि नेमकं प्रवेशसत्र, तिन्ही जुळायला हवीत. परवानगी सत्रानुसार असते. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली, कृषी या पदव्या ऑनलाइन मिळत नाहीत. मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहेत. दूरस्थ बीएड आहे, पण ते सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा नियमित शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी.

बसस्टँडसमोर फ्लेक्स लावून 'एका वर्षात पदवी' विकणारे भेटतील. अशी फ्रँचायझी चालवायला यूजीसीची मनाई आहे. फॉर्म भरायला मल्टिसर्व्हिसेसवाल्याची मदत जरूर घ्या, त्याचे पन्नास-शंभर द्या, पण फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा आणि मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचेच टाका. दुकानदाराचा ईमेल टाकला तर हॉल तिकीट, पासवर्ड, सगळं त्याच्या फोनवर जातं आणि पुढची तीन वर्षं तुम्ही त्याच्या दारात.

नावात अडकतं ते

२०२४-२५ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. क्रम असा: डिजिलॉकरमध्ये खातं, त्यातून एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं), मग यूजीसी-डीईबी पोर्टलवर डीईबी आयडी, आणि तो विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये. एबीसी आयडी आधारवरून तयार होतो, म्हणून पहिलं काम आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का पाहणं. जुनं सिम बंद पडलेलं असेल तर ओटीपी येणार नाही आणि सगळं तिथेच थांबेल.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकदा नाव पुढे आणि आडनाव शेवटी. नुसता क्रम बदलला असेल तर सहसा निभावतं; इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडे-तिकडे असेल तर निभावत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर हमखास अडकतं: मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. दुरुस्ती आधारमध्ये करायची की विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडायची, हे विद्यापीठाच्या हेल्पडेस्कला लेखी विचारा. हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी लागा.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, लागत असेल तर मायग्रेशन आणि जातीचा दाखला स्कॅन करून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. फोटो आणि सहीला केबीची मर्यादा असते; फोटोचा फोटो काढून टाकला तर फॉर्म परत येतो.

वर्षाचं वेळापत्रक शेताशी जुळवा

गुणांची विभागणी साधारण ३० आणि ७० अशी: ३० अंतर्गत, ७० अंतिम परीक्षेला. बऱ्याच ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. शिकलेली माणसं नापास होतात ती गृहपाठ न दिल्यानं. पेपर चांगला गेला तरी गृहपाठाशिवाय निकाल अपूर्ण राहतो. गृहपाठ जमा केल्याची पोच, स्क्रीनशॉट किंवा शिक्का, निकाल लागेपर्यंत जपा.

इग्नूच्या सत्रपरीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. जून म्हणजे आपल्याकडे पेरणीची धांदल. सोयाबीनवाल्यांना डिसेंबर बरा, तोवर रास होऊन माल विकलेला असतो. कापूसवाल्यांची तेव्हा वेचणी चालू असते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा डिसेंबर कारखान्यावर जातो. त्यांनी फॉर्ममध्ये कारखान्याजवळचं केंद्र निवडून पाहावं, नाहीतर ते पेपर जूनवर ढकलावेत. सगळे पेपर एका दमात देण्याची सक्ती नाही; जितके द्यायचे तितक्यांचीच परीक्षा फी भरायची. मात्र पुनर्नोंदणी वेगळी. मागचे पेपर राहिले असले तरी पुढच्या वर्षाची फी मुदतीत भरावी लागते, नाहीतर ते वर्ष उघडत नाही. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे पुनर्नोंदणी झाली, असा समज फार जणांचा असतो.

घरून परीक्षा असेल तर

कॅमेऱ्यासमोरची परीक्षा द्यायची असेल तर मोबाइल चालतो की लॅपटॉपच लागतो, हे प्रवेशाआधी विचारा. परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवावं लागतं, म्हणून नेट कॅफेतल्या मशीनवर भरवसा ठेवू नका. खोलीत दुसरं माणूस दिसलं, कोणाचा आवाज आला, सारखी नजर खाली गेली, तर सिस्टिम खूण करते. लेकरांना त्या दिवशी मामाकडे पाठवलेलं बरं. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा: एक चालू, दुसरं हॉटस्पॉटसाठी तयार. लाइट गेली की वायफायही जातं.

सराव चाचणी ज्या तासाला खरा पेपर आहे त्याच तासाला द्या, त्या वेळची रेंज कळते. मध्येच बंद पडलं तर घाबरून पुन्हा पुन्हा लॉगिन करू नका. स्क्रीनवरच्या चुकीचा वेळेसकट फोटो दुसऱ्या फोननं घ्या, हेल्पडेस्कवर तक्रार टाका आणि तिचा तिकीट नंबर लिहून ठेवा. फेरपरीक्षेच्या अर्जाला तोच नंबर लागतो.