ढगळ सूट आणि कुडकुडणारा डायव्हर: या चुका टाळा

स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीतलं कुणी ना कुणी पाण्यातून कुडकुडत वर येतं आणि म्हणतं, "सर, जाड सूट घ्यायला हवा होता." सूट तपासला की बहुतेक वेळा जाडी पुरेशी निघते, चुकलेलं असतं ते माप.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. वेटसूट म्हणजे निओप्रीन या फेसाळ रबराचा, अंगाला चिकटून बसणारा सूट. त्यात पाणी शिरणारच. पण ते पातळ थरात जागच्या जागी राहिलं, तर अंगाच्या उबेने कोमट होतं. ढगळ सुटात ते सतत बदलत राहतं.

एकदा एक विद्यार्थी भावाचा ५ मिलीमीटरचा सूट घालून आला. उंचीला बरोबर, पण कमरेच्या खळग्यात माझी मूठ मावत होती. त्याला घाई होती आणि मी जाऊ दिलं. तसं करायला नको होतं. १२ मीटरवर मी त्याच्या मागे होतो. पायातल्या फिनच्या प्रत्येक फटक्याला त्याच्या पाठीवरचं निओप्रीन भात्यासारखं फुगत होतं, बसत होतं, आणि मानेतून थंड पाणी आत जात होतं. वीसेक मिनिटांत त्याची बोटं इतकी बधिर झाली की बीसीडीचं (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाचं) बटण दाबता येईना. डाइव्ह तिथेच संपवली. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात, अंगाला नीट बसलेल्या ३ मिलीमीटरच्या सुटात तो पाऊण तास आरामात होता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सूट घालून उकिडवं बसायला लावतो, हात डोक्यावर न्यायला लावतो आणि कंबर, काख, जांघ चाचपतो. कुठेही पोकळी लागली की सूट परत.

"खांदे ओढले जातात, मोठं माप द्या," ही तक्रार बहुतेक घाईतून येते. पाय घोट्यापासून वीत-वीत वर सरकवत सूट जांघेत पूर्ण बसवा, मगच हात घाला. दहा मिनिटं लागतात, लागू द्या. बोटांच्या पेरांनी ओढा, नखांनी निओप्रीन फाटतं.

मानेच्या बाबतीत मात्र उलटी चूक होते. "पाण्यात सैल होईल" म्हणत लोक गळा आवळून घेतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला, तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, चक्कर येते. हे पाण्याखाली होणं जिवावर बेतू शकतं. झिप लावून पाच मिनिटं बसा, मान फिरवा. डोकं हलकं वाटलं, तर तो सूट तुमचा नाही. ड्रायसूट म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट. त्याचं मानेचं लेटेक्स सील (पाणी अडवणारी रबरी पट्टी) घट्ट असेल, तर एका वेळी एकच अरुंद कडी कापा आणि पुन्हा घालून पाहा. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही.

ड्रायसूटचं माप आतले उबदार कपडे घालूनच घ्या. त्याचे बूट मोठे नकोत, हवा पायात साठते आणि पाय वर उचलले जातात. हूड (डोकं झाकणारी टोपी) आधी, मास्क नंतर.

आणि दहा वर्षं जुना सूट "अजून छान बसतो" म्हणून वापरू नका. त्याचं निओप्रीन दबून दबून पातळ झालेलं असतं. कोपराशी चिमटीत धरून नव्या सुटाशी ताडून पाहा, फरक बोटांना कळतो.