फवारणीच्या पाण्याचा सामू: या चुका टाळा

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) उरकली की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडून ठरलेला फोन येतो. "भाऊ, पाण्याचा पीएच आठ आहे, किती मिली अ‍ॅसिड टाकू?"

आठ या आकड्यावरून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. पीएच म्हणजे सामू. पाणी या घडीला किती आम्ल किंवा अल्कली आहे, एवढंच तो सांगतो. ते पाणी फवारणीला हव्या असलेल्या सहाच्या सामूवर यायला किती अ‍ॅसिड गिळेल, हे त्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं. दोघांना एकाच वेळी भूक लागली म्हणून दोघांच्या भाकरी सारख्या होत नाहीत.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या बोअरच्या पाण्याला 600 लिटरच्या ब्लोअरला (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राच्या टाकीला) 200 मिली फॉस्फोरिक अ‍ॅसिड लागायचं. जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढ-संजीवकाच्या) फवारणीच्या दिवशी ऐनवेळी लाईट गेली. पुतण्यानं टाकी पाटाच्या पाण्यानं भरली आणि सवयीनं तेच 200 मिली ओतलं. "काका, दोन्ही पाणी आठच दाखवतं की!" चार ओळी झाल्यावर मला शंका आली म्हणून टाकीतलं पाणी मोजलं, तर सामू तीनच्याही खाली. पाटाच्या पाण्यात बायकार्बोनेट फारच कमी होतं, मग जास्तीचं अ‍ॅसिड जाणार कुठं? दोन दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. त्या चार ओळींकडे मी हंगामभर बघितलं नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. त्याच दिवशीचं, त्याच पाण्याचं 10 लिटर बादलीत घ्यायचं. सिरिंजनं अर्धा-अर्धा मिली अ‍ॅसिड सोडायचं, ढवळायचं आणि थांबायचं. बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी निघून जातो, तसा सामू पुन्हा थोडा वर सरकतो. नव्या पोरांना इथंच धीर नसतो, पहिला आकडा दिसला की टाकीकडे पळतात. आकडा सहावर स्थिरावला की एकूण लागलेले मिली साठनं गुणा, 600 लिटरच्या टाकीचा डोस आला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दुसऱ्याचा डोस माझ्या लेखी शून्य.

दुसरी चूक मीटरची. पेन मीटर ट्रॅक्टरच्या टपात पडलेला, टोक वाळून कोळ, आणि मालक म्हणणार, "बरोबर दाखवतो." चार आणि सातच्या बफरमध्ये (सामू पक्का ठाऊक असलेल्या द्रावणात) तपासल्याशिवाय मी रीडिंग धरत नाही. टोक साठवणीच्या द्रावणातच ठेवायचं, डिस्टिल्ड पाण्यात नाही.

"साडेसहा काय, साडेसात काय" म्हणणाऱ्यांसाठी: सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट, दोनाचा म्हणजे शंभरपट. कॅप्टन हे बुरशीनाशक पाच सामूच्या पाण्यात निम्मं व्हायला दीड दिवसाच्या आसपास लागतो, आठच्या पाण्यात साधारण दहा मिनिटं. टाकी भरून चहाला बसलात तर औषध टाकीतच संपलं.

अ‍ॅसिड पाण्यात घाला, अ‍ॅसिडवर पाणी कधीच ओतू नका.

आणि बोर्डोत (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणात) अ‍ॅसिडचा थेंबही नको. सामू उतरला की तांबं जास्त विरघळतं आणि पानं जळतात. तिथं मी मीटरही काढत नाही. घासलेला विळा मिनिटभर बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर अजून थोडी चुन्याची निवळी.